बीफार्मच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी, उन्हाळ्याची सुट्टी आणि 8 हजारांचं सर्टिफिकेट

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र नीट वाचलं. अंबाजोगाईत तुमचं मेडिकल आहे, मुलगी लातूरला बीफार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पाचवं सेम (सेमिस्टर) चालू आहे आणि तिला येत्या उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या रिसर्च लॅबमध्ये जायचंय. तुमचं म्हणणं असं की त्यापेक्षा जीपॅटचा, म्हणजे एमफार्मच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास लावावा नाहीतर दुकानात बसून धंदा शिकावा, आणि त्यातच एका एजन्सीचा फोन आला की 8 हजार भरा, चार आठवड्यांची ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप देतो, सर्टिफिकेट देतो, वर रिसर्च पेपर पण छापून आणून देतो. भरू का, असं विचारलंत.

नका भरू भाऊ. मुलगी ज्या पेपरमध्ये एक टेस्ट ट्यूबसुद्धा हातात धरणार नाही त्यावर तिचं नाव येणार, आणि उद्या एमफार्मच्या नाहीतर नोकरीच्या इंटरव्ह्यूला कोणी विचारलं की यात तू नेमकं काय केलंस, तर ती काय सांगणार? प्रामाणिक पोरगी असेल तर तिथेच गडबडेल. चांगल्या सरकारी संस्था उन्हाळ्यात मुलांना घेतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी उलट स्टायपेंड देतात. कुठे राहण्या-जेवणाचा खर्च आपला असतो, कुठे थोडी लॅब फी असते, ते मी समजू शकते. पण छापील पेपरची हमी आधीच देऊन पैसे मागणारा माणूस संशोधन शिकवत नाहीये एवढं नक्की.

आता तुमची मोठी काळजी, की दोन महिने वाया जातील. तर हे बघा, फार्मसी कौन्सिलच्या बीफार्मच्या नियमातच आहे की सहावं सेम संपल्यावर आणि सातवं सुरू व्हायच्या आधी प्रत्येक विद्यार्थ्याने चार आठवड्यांत मिळून कमीत कमी 150 तास ट्रेनिंग करायचं आणि रिपोर्ट द्यायचा. कंपनीचं प्रॉडक्शन, क्यूसी (मालाच्या दर्जाची तपासणी), अ‍ॅनालिटिकल लॅब, आर अँड डी (संशोधन विभाग), हॉस्पिटल, अगदी कम्युनिटी फार्मसी, म्हणजे मेडिकल दुकानसुद्धा त्यात बसतं. म्हणजे हा वेळ तिला कुठेतरी द्यायचाच आहे. तुमच्या दुकानात बसून तो नियम पूर्ण होऊ शकेल, मान्य, पण दुकान ती लहानपणापासून बघतेय ना, तिथे तिला नवीन काय दिसणार? तिने आधी प्रिन्सिपल सरांकडून लेखी विचारून घ्यावं की अमुक लॅबमधलं काम या 150 तासांत धराल का, म्हणजे नंतर भांडण नको. पुढे आठव्या सेमला प्रोजेक्ट असतोच, उन्हाळ्यात सुरू केलेलं काम तिथे पुढे नेता येतं.

जीपॅटचं म्हणाल तर तो अभ्यास व्हायलाच हवा, त्यावर वाद नाही, एमफार्मला स्टायपेंड त्यावरच मिळतो. पण तो चौथ्या वर्षात धरून रोज दोन तास नेटाने केला तरी होतो, आणि ज्या पोरीने स्वतः कॅलिब्रेशन कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला मोजणीचा ग्राफ) काढलाय तिला अ‍ॅनालिसिसचे प्रश्न पाठ करायची वेळ येत नाही.

मोठ्या संस्थांकडे जायचं असेल तर सगळ्यात आधी बघायचा तो तीन विज्ञान अकादमींचा समर रिसर्च फेलोशिप कार्यक्रम. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिघी मिळून चालवतात, साधारण आठ आठवडे असतात, स्टायपेंड मिळतो. अर्जात मुलाने आपल्याला काय करायचंय आणि का, ते थोडक्यात लिहायचं असतं आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे असतात, तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे आजच वेबसाइटवर बघायला सांगा, इथे बरीच मुलं चुकतात, एप्रिलमध्ये पेपर जवळ आले की मग समर इंटर्नशिप आठवते आणि तोपर्यंत सगळं भरून गेलेलं असतं. आणि तुमच्या विद्यापीठाची परीक्षा मे-जूनपर्यंत लांबते हे मला माहितीये, म्हणून निवड झाली तर गाइडला पहिल्या मेलमध्येच परीक्षेची तारीख सांगून टाकावी, लपवू नये.

याशिवाय थेट प्रोफेसरला मेल टाकून जागा मिळवता येते, पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहे, एनसीसीएस (पेशी विज्ञान केंद्र) आहे, माटुंग्याला आयसीटीमध्ये (रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत) फार्मास्युटिकल सायन्सेसचा वेगळा विभाग आहे, मोहाली नाहीतर हैदराबादचं नायपर (औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था) आहे. पण मेल कसा टाकतात त्यावर सगळं अवलंबून. "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम" करून तोच मजकूर पन्नास जणांना एकदम पाठवला की तो कोणी उघडत नाही. तिने चार-पाचच लोक निवडावेत, प्रत्येकाचा अलीकडचा एक पेपर खरंच वाचावा, सगळा कळणार नाही, हरकत नाही, पण त्यातला कुठला भाग कळला आणि कुठे अडलं हे दोन ओळीत लिहावं. मग स्वतःला आत्ता काय येतं ते खरं खरं, म्हणजे यूव्ही (द्रावणातून प्रकाश सोडून औषधाचं प्रमाण मोजणारं मशीन) चालवलाय का, बफर (ठरावीक आम्लतेचं द्रावण) बनवलाय का, कुठल्या तारखेपासून किती आठवडे मोकळी आहे, आणि सोबत एका पानाचा बायोडेटा. आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करावी, मग पुढे जावं. नकार येतील, भरपूर येतील, त्यात तिची लायकी ठरत नाही, लॅबमध्ये जागाच कमी असतात.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. उन्हाळ्यात आठ आठवडे असतात, त्यातले पहिले दोन काचेची भांडी धुण्यात, पिपेट नीट धरण्यात आणि मशीन समजून घेण्यात जातात. म्हणून प्रश्न छोटा हवा, संपणारा हवा, आणि शक्यतो तिचा स्वतःचा हवा. बरीच मुलं डायबेटिसच्या उंदरांवर काढा देऊन बघायचं असलं काहीतरी ठरवतात, प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, ती मिळेस्तोवर उन्हाळा संपतो. तुमच्याकडे तर प्रश्न काउंटरवरच उभा आहे भाऊ. रोज कोणीतरी विचारत असेल ना, की ही जनऔषधीची मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) आणि कंपनीची मेटफॉर्मिन सारखीच का हो? पोरीने तोच प्रश्न घ्यावा. एकाच ताकदीच्या तीन-चार ठिकाणच्या साध्या गोळ्या घ्यायच्या, एसआर (हळूहळू औषध सोडणाऱ्या) नको, बॅच नंबर आणि एक्सपायरी लिहून ठेवायची, डिसोल्युशनच्या (गोळी विरघळवून बघायच्या) मशीनमध्ये 900 मिली बफर, 37 अंश तापमान, एका वेळी 6 गोळ्या, ठरावीक मिनिटांनी सॅम्पल काढायचं आणि यूव्हीवर 233 नॅनोमीटरला वाचायचं. कुठली गोळी किती वेळात किती विरघळते त्याचा ग्राफ काढायचा, मग एफ-टू नावाचा आकडा काढून दोन ग्राफ किती जुळतात ते बघायचं, त्यासाठी प्रत्येकाच्या 12 गोळ्या लागतात, 50 च्या वर आला तर सारखे धरतात. नेमका बफर आणि स्पीड इंडियन फार्माकोपियातून (औषधांच्या मानकांच्या अधिकृत पुस्तकातून) बघायचा. यातलं बहुतेक सामान तिच्या कॉलेजच्याच लॅबमध्ये असतं, सुट्टीत ते पडून असतं, सरांनी फक्त किल्ली द्यायला हवी.

आणि निकाल काहीही येवो, एका बॅचवरून अमुक कंपनी वाईट असं लिहायचं नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. असं जपून लिहायला शिकणं हाही रिसर्चचाच भाग आहे. काम नीट झालं तर ते आविष्कारला देता येईल, राज्यातल्या विद्यापीठांचा तो संशोधन महोत्सव, त्यात मेडिसिन आणि फार्मसीचा स्वतंत्र गट असतो, कॉलेजातून विद्यापीठ आणि तिथून राज्य पातळीवर जातात.

दुसरा रस्ता तुमच्या गावातलाच. स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज दारात आहे. तिथल्या फार्माकॉलॉजी विभागात जाऊन तिने विचारावं की औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचं काम बघता येईल का. देशात 2010 पासून फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा) कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो, मेडिकल कॉलेजांमधून अशा नोंदी गोळा होतात. फॉर्म कसा भरतात, पुरळ आलं ते याच औषधाने हे कसं ठरवतात, हे ती तिथे बघेल, आणि यात पुण्या-मुंबईला पुढे नोकऱ्याही आहेत. पेशंटच्या माहितीला हात लावायचा तर तिथल्या कमिटीची परवानगी लागेल, ती विभागातले डॉक्टर सांगतील. आणि हे शिकून ती तुमच्या काउंटरवर उभी राहिली तर गिऱ्हाइकाने "ही गोळी घेतल्यापासून अंगाला खाज येतेय" म्हटल्यावर नुसती दुसरी गोळी काढून देणार नाही, नोंद करेल, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाहेरगावी पाठवायची भीती वाटते असंही लिहिलंत, वाटणारच. जायचं ठरलं तर संस्थेच्या अधिकृत मेलवरून आलेलं पत्र, गाइडचं नाव, हॉस्टेल मिळणार की नाही, रात्री लॅबमध्ये थांबायचे नियम काय, एवढं लेखी घ्या आणि पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोडायला जा. यंदा मन तयार होत नसेल तर लातूर-अंबाजोगाईतच हे काम करू द्या, त्यात काही कमीपणा नाही. पण तिने स्वतःहून मागितलंय भाऊ, या वयात सुट्टीत काम मागणारी मुलं फार नसतात, तेव्हा साफ नाही म्हणू नका.

तिला सांगा, या आठवड्यात अकादमीच्या अर्जाची तारीख बघायची आणि शिफारसपत्रासाठी एका शिक्षकांना भेटायचं. पहिला मेल इंग्रजीत कच्चा लिहून मला पाठवला तरी चालेल, मी वाचून काय बदलायचं ते कळवेन.

तुमची ताई