नायट्रोजन वाढवूनही आयर्न नायट्राइडची फिल्म 'पसरट' का येते?

प्रश्न थोडक्यात असा : "ठाण्यात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये काचेवर आणि सिलिकॉनवर आयर्न नायट्राइडच्या (लोखंड आणि नायट्रोजनचं संयुग) फिल्म्स स्पटर करतोय, म्हणजे प्लाझ्माने लोखंडाच्या टार्गेटमधून अणू उडवून पातळ थर बसवतोय. सब्स्ट्रेट, म्हणजे खालची काच किंवा सिलिकॉन, तापवत नाही. आर्गॉनमध्ये नायट्रोजन १०, २०, ३० टक्के करून पाहिला. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासतात त्यात) दर वेळी ४४ अंशांजवळ एकच रुंद उंचवटा, चांगला चार अंश पसरलेला. एफई-फोर-एन (लोखंडाच्या चार अणूंना नायट्रोजनचा एक) कुठे गेलं? आणि सर म्हणतात, पुढे एफई-सिक्स्टीन-एन-टू (सोळाला दोन) करू."

मी सध्या रबाळे एमआयडीसीत कोटिंगच्या कामात आहे. त्याआधी काही वर्षं याच फिल्म्सनी माझं डोकं खाल्लंय, म्हणून लिहितो.

तुमची फिल्म बिघडलेली नाही. तो उंचवटा काय सांगतोय ते आधी बघा. क्ष-किरणांसाठी कॉपरची ट्यूब धरून शेररचं सूत्र (शिखराच्या रुंदीवरून कणाचा आकार काढणारं) लावलंत तर ४४ अंशांवर चार अंश रुंदी म्हणजे कणाचा आकार जेमतेम दोन नॅनोमीटर येतो. लोखंडाच्या जाळीतले सात-आठ घन (युनिट सेल) रांगेत लावले की संपलं. नायट्रोजनचे अणू लोखंडाच्या फटींमध्ये घुसतात, जाळी ताणतात आणि कण मोठे होऊ देत नाहीत. त्यात सब्स्ट्रेट थंड. आलेला अणू जिथे पडला तिथेच थिजतो, स्वतःची जागा शोधायला त्याला सवड मिळत नाही.

आता एफई-फोर-एन, म्हणजे गॅमा प्राइम. रचना ऐकायला सोपी आहे : लोखंडाचा फेस-सेंटर्ड घन (कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर लोखंड), बाजू ३.७९५ अँगस्ट्रॉम, आणि बरोबर मधोमध एक नायट्रोजन. अडचण अशी की या फेजला (स्फटिकरचनेच्या प्रकाराला) फिल्ममध्ये नायट्रोजन जवळजवळ नेमका २० टक्केच लागतो. जरा कमी पडला की सोबत साधं लोखंड राहतं, जरा जास्त झाला की एप्सिलॉन हा षट्कोनी रचनेचा दुसरा आयर्न नायट्राइड येतो, आणि एप्सिलॉनची खिडकी चांगली ऐसपैस असल्यामुळे तो सहज गळ्यात पडतो. शिवाय तुम्ही १०-२०-३० लिहिलंय तो वायूतला आकडा. फिल्ममध्ये किती राहिला हा वेगळा हिशोब आहे, आणि बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्टांत हे दोन आकडे बिनधास्त एकमेकांच्या जागी वापरलेले असतात.

राहणं हा शब्द मुद्दाम वापरला. आमच्या पट्ट्यात गिअर आणि डाय नायट्रायडिंग करणारी हीट ट्रीटमेंटची दुकानं आहेत. भट्टीत ५००-५५० अंशांना अमोनिया सोडतात, पृष्ठभागावर पांढरा थर चढतो. तो पांढरा थर म्हणजे तुमचेच गॅमा प्राइम आणि एप्सिलॉन. तिथे नुसता नायट्रोजन वायू का चालत नाही? कारण त्या रेणूतला बंध तोडायला सुमारे ९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. अमोनिया मात्र तापलेल्या लोखंडावर आपणहून फुटतो. तुमच्या चेंबरमध्ये ते तोडायचं काम प्लाझ्मा करतो. पण एकदा नायट्रोजन आत गेला तरी त्याला बाहेर पडायची घाई असतेच, कारण नायट्रोजन वायू आणि लोखंड असे वेगळे होणं हे त्या जोडीला जास्त सोयीचं. म्हणून तापमान कमी ठेवलं तर स्फटिक होत नाही आणि फार वाढवलं तर नायट्रोजन पळतो. सब्स्ट्रेट ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून नायट्रोजन दोन-दोन टक्क्यांनी बदलत जा. गॅमा प्राइम आलं तर एक्सआरडीत ४१.२ आणि ४७.९ अंशांवर दिसेल. लोखंडाचं शिखर ४४.७ वर असतं.

काच सोडता आली तर सोडा. सिंगल क्रिस्टलवर (एकसंध स्फटिकाच्या तबकडीवर) जायचं असेल तर लँथॅनम अल्युमिनेटची जाळी ३.७९ अँगस्ट्रॉमच्या घरातली, म्हणजे गॅमा प्राइमला मापाने शिवलेल्या सदऱ्यासारखी बसते. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त पडतं, पण त्याची ४.२१, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त तफावत.

एक व्यावहारिक गोष्ट कुणी सांगत नाही. मॅग्नेट्रॉन, म्हणजे टार्गेटमागचे चुंबक, आपल्या क्षेत्राने प्लाझ्मा टार्गेटसमोर धरून ठेवतो, पण लोखंडाचं टार्गेट ते क्षेत्र स्वतःच पिऊन टाकतं. माझं पहिलं टार्गेट तीन मिलिमीटर जाड होतं, प्लाझ्मा पेटायचाच नाही. दोन दिवस पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. शेवटी एका जुन्या टेक्निशियन काकांनी येऊन टार्गेटवर मूठभर टाचण्या टाकल्या. सगळ्या आडव्या पडून राहिल्या. मग वागळे इस्टेटमधल्या लेथवर ते एक मिलिमीटरपर्यंत उतरवून आणलं, परत टाचण्या टाकल्या, तर त्या कडेने वर्तुळात साळिंदराच्या काट्यांसारख्या ताठ उभ्या. त्या दिवशी पहिल्या झटक्यात प्लाझ्मा लागला. टाचण्या मोजून टाका आणि मोजून उचला, हे मात्र सांगून ठेवतो.

आणि पावसाळ्यात चेंबर उघडा ठेवू नका. जुलैत इकडच्या हवेत भिंतींना एवढं पाणी चिकटतं की व्हॅक्यूम दुसऱ्या दिवसापर्यंत खाली उतरत नाही. एक्सआरडीत ३५.५ अंशांजवळ काही उगवलं तर ते नायट्राइड नाही, मॅग्नेटाइट (लोखंडाचं ऑक्साइड) आहे.

फेजची खात्री नुसत्या एक्सआरडीवर करू नका. जमलं तर मॉसबाउर (गॅमा किरणांनी लोखंडाच्या अणूंना जाणवणारं चुंबकीय क्षेत्र मोजणारी चाचणी) करून घ्या. इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्रात या फिल्म्सवर बरंच काम झालेलं आहे, सरांकडून तिथे विचारणा होऊ शकते. गॅमा प्राइममध्ये कोपऱ्यावरच्या लोखंडाला सुमारे ३४ टेस्ला आणि फेसवरच्याला सुमारे २१.५ टेस्ला क्षेत्र जाणवतं, आणि दोघांचं प्रमाण एकास तीन. हे प्रमाण जुळलं की वाद मिटला.

एफई-सिक्स्टीन-एन-टूबद्दल सरांशी आधी बोला. त्याची रचना १९५१ मध्ये जॅक यांनी मांडली. १९७२ मध्ये किम आणि ताकाहाशी यांनी फिल्ममध्ये लोखंडापेक्षा बरंच जास्त, २.५८ टेस्ला संपृक्त चुंबकन (पदार्थ गाठू शकतो ते कमाल चुंबकन) सांगितलं (शुद्ध लोखंडाचं २.१५). पुढे हिताचीच्या गटाने त्याहूनही मोठा आकडा दिला, पण अनेकांना तो परत मिळेना आणि भांडण कित्येक वर्षं चाललं. शिवाय हा फेज दोनशे अंशांच्या थोडं वर गेला की लोखंड आणि गॅमा प्राइममध्ये फुटतो, म्हणजे वर सांगितलेला ४०० अंशांचा मार्ग इथे बंद. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टात मी तरी यात पडलो नसतो. तरीही केलंतच, तर त्याची खूण असलेलं शिखर एक्सआरडीत २८.४ अंशांजवळ येतं, आणि सिलिकॉनचं एक-एक-एक (१११ प्रतलाचं) शिखरही नेमकं तिथेच बसतं. तेव्हा ते शिखर बघून पेढे वाटण्याआधी वेफरच्या डबीवरची ओरिएंटेशन वाचा.