दुकानातून घेतलेला जुना लॅपटॉप बिघडला. पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : मी नाशिकला घरी शिकवण्या घेते. ऑनलाइन तासांसाठी २३ दिवसांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून २४,५०० रुपयांना जुना लॅपटॉप घेतला. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं होतं : ‘आय-५, ११ वी जनरेशन, १६ जीबी रॅम, बॅकअप ४ तास, ६ महिने वॉरंटी.’ पैसे यूपीआयने दिले. पक्कं बिल मिळालं नाही, ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद दिला. त्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. पाचव्या दिवसापासून लॅपटॉप चालता चालता बंद पडतो, बॅटरी पाऊण तास टिकते. इथल्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून पाहिलं. प्रोसेसर ८ व्या जनरेशनचा आहे म्हणाला. आता दुकानदार म्हणतो, सील तोडलंत, वॉरंटी संपली. शिवाय जुन्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, आज २३ वा दिवस आहे, म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून आजच दुकानदाराला लेखी कळवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) नुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. परत घेण्याची मुदत बिलात लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. तुमचा निरोप या ३० दिवसांच्या आत गेलेला असणं फार मोलाचं आहे. फोनवरचं बोलणं उपयोगाचं नाही. व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा : ‘अमुक तारखेला तुमच्याकडून घेतलेला लॅपटॉप, सीरियल नंबर अमुक, तुम्ही सांगितलेल्या वर्णनाचा नाही आणि सदोष आहे. मी तो नाकारत आहे. २४,५०० रुपये परत करून लॅपटॉप घेऊन जावा.’ हाच मजकूर कागदावर सही करून स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोहोच जपून ठेवा.

त्यानंतर लॅपटॉप वापरणं थांबवा. माल नाकारायचा आणि रोज त्यावर तासही घ्यायचे, हे एकत्र चालत नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ नुसार खरेदीदार माल स्वतःचा असल्यासारखा वापरत राहिला, किंवा वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर त्याने माल स्वीकारला असं धरलं जातं. मग हातात फक्त नुकसानभरपाईचा दावा उरतो. नवी बॅटरी टाकणं, रॅम वाढवणं, ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ म्हणणं, यातलं काहीही करू नका. फॉरमॅट केलात तर तुमचा सर्वांत चांगला पुरावा पुसला जाईल. का, ते पुढे सांगतो.

जुन्या मालाला कायदा लागत नाही, हे साफ चूक आहे. कायद्यात ‘वस्तू’ नवी हवी अशी अट नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेला माल तेवढा वगळलेला आहे. शिकवण्या हा तुमचा स्वयंरोजगार आहे. उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असं कायद्यातल्या ‘ग्राहक’ या व्याख्येच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे. (ओळखीतल्या एखाद्या खासगी माणसाकडून लॅपटॉप घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. तो व्यापारी नसतो, तिथे हा मार्ग बहुधा मिळत नाही.)

आता दोष. लोक सगळ्या तक्रारी एकाच वाक्यात कोंबतात आणि तिथेच प्रकरण ढिलं पडतं. तुमच्या तीन तक्रारींचं वजन सारखं नाही.

प्रोसेसर ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. स्टार्टच्या शोधात ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, प्रोसेसरच्या ओळीचा फोटो काढा. आय-५ नंतरचा आकडा पाहा : ८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर ८ वी जनरेशन, ११३५जी७ असेल तर ११ वी. दुकानदार म्हणेल, बाईंनी घेताना तपासून घेतला, तेव्हाच दिसलं असतं. हा बचाव दर्जाच्या बाबतीत चालतो : वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ नुसार माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते अशा दोषांबद्दल नंतर तक्रार करता येत नाही. पण वर्णनाबरहुकूम माल मिळण्याची अट कलम १५ मध्ये वेगळी आहे, आणि तिला तपासणीचा हा अपवाद नाही. ११ वी जनरेशन लिहून ८ वी देणं हा वर्णनाचा भंग आहे. दुसरी गोष्ट, या ‘यू’ मालिकेचे प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेले असतात, रॅमसारखे काढून बदलता येत नाहीत. म्हणजे ‘तुमच्या दुरुस्तीवाल्याने बदलला’ हा आरोप टिकायला कठीण. रॅमचा आरोप मात्र सहज होऊ शकतो, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसते का तेही आजच पाहून फोटो काढा.

बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, मशीनचा सीरियल नंबर दिसतो. तो खालच्या झाकणावरच्या स्टिकरशी जुळवा. जुळला नाही तर बोर्ड किंवा झाकण कधीतरी बदललेलं आहे. हा स्वतःहून दोष ठरत नाही, पण न सांगता विकलं ही बाब तक्रारीत लिहिण्यासारखी आहे.

बॅटरी. जुन्या लॅपटॉपची बॅटरी झिजलेली असणारच, नुसतं ‘बॅकअप कमी’ म्हटलं तर ग्राहक आयोग फार मनावर घेणार नाही. तुमच्याकडे ‘४ तास’ असं लिहून आलेलं आहे, ते महत्त्वाचं. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवर-सीएफजीची बॅटरी रिपोर्टची कमांड (powercfg /batteryreport) चालवा. एक फाइल तयार होते. तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. समजा पहिला ४५,००० आणि दुसरा १७,१०० मिलीवॉट-अवर, तर बॅटरीत मूळच्या ३८ टक्केच जीव आहे. फाइलमध्ये खाली ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’ असा तक्ता येतो. विंडोज टाकल्यापासूनच्या नोंदी त्यात तारखांसह असतात. खरेदीच्या आठवड्यातल्या ओळीत फुल चार्जचा आकडा एवढाच पडलेला दिसला, तर बॅटरी विकतानाच गेलेली होती हे मशीन स्वतः सांगतं. फॉरमॅट केल्यावर हा तक्ता जातो. फाइल लगेच पेनड्राइव्हवर आणि ईमेलवर ठेवा.

मध्येच बंद पडणं. इथे जपून लिहा. आधी फक्त एवढं पाहा : ॲडॉप्टर लावलेला असतानाही बंद पडतो का? काढल्यावरच पडत असेल तर तो बहुधा बॅटरीचाच दोष आहे. झिजलेली बॅटरी ३० टक्के दाखवत असताना एकदम मान टाकते. ॲडॉप्टरवरही पडत असेल तर एचडब्ल्यू-इन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान बघा. ९५-१०० अंशांपर्यंत चढून बंद पडत असेल तर पंख्यात धूळ किंवा सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप). ६० अंशांवरच पडत असेल तर संशय रॅमवर किंवा बोर्डवर. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवा. रॅमच्या पट्ट्या मात्र काढून बघू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. ती नीट शटडाऊन न होता मशीन बंद पडल्याचं सांगते, कारण सांगत नाही. तिच्या जोरावर दुकानदाराला पुराव्यांसह पाठवायच्या सविस्तर नोटिशीत ‘मदरबोर्ड खराब’ असं लिहू नका. तारीख-वेळेसह नोंदींचे फोटो जोडा आणि ‘कारण तपासणीत कळेल’ म्हणा. शिवाय दोष नुसत्या पेस्टचा निघाला तर आयोग पैसे परत देण्याऐवजी दुरुस्तीचा आदेश देऊ शकतो. म्हणून पैसे परत मागताना पुढे ठेवायचं ते प्रोसेसरचं आणि बॅटरीचं.

सीलबद्दल. उघडल्याने बिघाड झाला असं दुकानदार म्हणत असेल, तर ते त्याने दाखवून द्यायला हवं. तुमच्या तक्रारी उघडण्याच्या आधीच्या आहेत ना? पाचव्या ते उघडण्याच्या दिवसापर्यंत त्याला केलेले मेसेज, कॉलची यादी, सगळं काढा. दुरुस्तीवाल्याकडून सहीचा जॉब शीट घ्या : कोणत्या तारखेला उघडला, काय दिसलं, कोणताही भाग बदललेला नाही. पुढे त्याचं प्रतिज्ञापत्रही लागेल. जमलं तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल घ्या, तो जास्त वजनाचा असतो. वाद राहिलाच तर ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली आयोग मशीन प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथली फी आधी तुम्हाला भरावी लागते.

पक्कं बिल नाही याने घाबरू नका. बिल न देणं ही दुकानदाराचीच अनुचित प्रथा आहे. ‘परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याने सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. यूपीआयच्या नोंदीत पैसे कोणाच्या नावावर गेले ते पाहा. तक्रारीत दुकानाच्या पाटीसोबत ते नाव विरुद्ध पक्ष म्हणून घाला, नाहीतर आदेश मिळूनही वसुली अडते. व्हॉट्सॲपचं संभाषण पूर्ण एक्स्पोर्ट करा, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसतो, तरी प्रमाणपत्र असलं की हरकतीला जागा उरत नाही.

नोटिशीत पैसे परत करायला १५ दिवस द्या. त्याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दावा लावता येतो, पुण्याला खेपा घालायची गरज नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही. दुकानदाराला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. किंमत, व्याज, तपासणीचा आणि दाव्याचा खर्च, त्रासाबद्दल माफक रक्कम, एवढंच मागा. दोन लाख मागितल्याने मूळ मागणीचं वजन कमी होतं.

दुकानदार ‘घेऊन या, करून देतो’ म्हणाला तर पावतीशिवाय मशीन देऊ नका. पावतीवर सीरियल नंबर, तुमच्या शब्दांत दोष आणि ‘परताव्याचा हक्क राखून’ असं असू द्या. तडजोडीने पैसे द्यायला तयार झाला तर रक्कम खात्यात आल्यावरच लॅपटॉप हातात द्या. आणि पैसे येईपर्यंत नाही, पण आल्यावर लॅपटॉप देण्यापूर्वी त्याच्यासमोरच, आपली सगळी खाती साइन आउट करून डिस्क पुसा. विद्यार्थ्यांचे नंबर आणि फोटो त्यात आहेत.