‘शार्पनिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: “मी हौशी आकाश-छायाचित्रकार आहे. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ चे फोटो काढतो. अशा फोटोंसाठी शार्पनिंगची कोणती पद्धत कधी निवडावी, यावर मराठीत लेख लिहितो आहे. त्यात ‘तीक्ष्णीकरण’ हा शब्द वापरला, तर मित्र म्हणाला कानाला खटकतो. योग्य शब्द कोणता? आणि डिकन्वोल्युशन, अनशार्प मास्क, वेव्हलेट यांना मराठी प्रतिशब्द आहेत का?”

तुमच्या मित्राचा कान चांगला आहे. मराठीत तीक्ष्ण असते ती नजर, बुद्धी, शस्त्राचं पातं. पाहणाऱ्याची नजर तीक्ष्ण असू शकते, पण जे दिसतं ते स्पष्ट, ठळक किंवा रेखीव असतं. नाकीडोळी रेखीव म्हणतो आपण, नाकीडोळी तीक्ष्ण कुणी म्हणत नाही. फोटोला जे विशेषण मुळातच लागत नाही, त्याला ‘ईकरण’ जोडून क्रिया तयार केली की ती खटकणारच. ‘स्पष्टीकरण’ म्हणावं, तर तो शब्द केव्हाच दुसऱ्या कामाला लागला आहे.

मग एक चांगला शब्द सुचवा, असं तुम्ही म्हणाल. माझं मत वेगळं आहे: इथे एक शब्द शोधूच नये. प्रोसेसिंग करताना ‘शार्पनिंग’ या नावाखाली निदान तीन निराळी कामं चालतात. मराठीत त्या तिन्हींसाठी साधे, चालते शब्द आहेत. ते वापरले तर कोणती पद्धत कधी निवडायची, हा तुमच्या लेखाचा विषय निम्मा तिथेच सुटतो.

पहिलं काम म्हणजे धूसरपणा काढणं. तारा इतका दूर असतो की तो बिंदूच दिसायला हवा, पण वातावरणाची थरथर, दुर्बिणीचं भिंग किंवा आरसा आणि दुर्बीण ताऱ्याच्या मागे फिरवताना होणाऱ्या लहानसहान चुका यांमुळे सेन्सरवर त्याचा ठिपका पसरतो. ताऱ्याचा ठिपका जसा पसरतो तसाच तेजोमेघाचा प्रत्येक बिंदू पसरलेला असतो. डिकन्वोल्युशन या पसरण्याचा अंदाज घेऊन ते उलट दिशेने सोडवू पाहतं. हौशी मंडळींच्या सॉफ्टवेअरमध्ये आजही जी रिचर्डसन-लूसी पद्धत दिसते, ती विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. तिचा मोठा उपयोग झाला तो हबलच्या वेळी. १९९० मध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि तिच्या मुख्य आरशाचा आकार कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने चुकल्याचं लक्षात आलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली. तोवर शास्त्रज्ञांनी धूसर चित्रांवर असं गणित चालवून काम पुढे नेलं. ते शक्य झालं, कारण चूक नेमकी कशी आहे हे ठाऊक होतं.

म्हणून या कामाला ‘धूसरपणा काढणं’ म्हणावं, हा माझा आग्रह आहे. या शब्दात अट आपोआप येते: धूसरपणा असेल तरच तो काढता येतो. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आणि दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) ५०० मिलिमीटर असेल, तर एका पिक्सेलमध्ये साधारण १.५५ विकला मावतात (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). वातावरणाने तारा ३ विकला पसरवला, तर तो जेमतेम दोन पिक्सेल व्यापेल, आणि त्यावर डिकन्वोल्युशन थोडंफार काम करील. तोच कॅमेरा १३५ मिलिमीटरच्या लेन्सला लावला तर पिक्सेल पावणेसहा विकलांचा होतो. वातावरणाचा पसारा एका पिक्सेलच्या आतच संपतो. तिथे गणित रेटलं तर लेन्सचा स्वतःचा पसारा सोडून हाती फार काही लागत नाही. दुसरी अट क्रमाची. हे काम स्टॅक केलेल्या, म्हणजे अनेक फोटो एकत्र करून बनवलेल्या फोटोवर, स्ट्रेच करण्याआधीच, म्हणजे अंधुक भाग दिसावा म्हणून उजेड ताणण्याआधीच करायचं. स्ट्रेच केलं की अंधुक आणि तेजस्वी भागांतलं प्रमाण बदलतं, मग ठिपका कसा पसरला हे त्या आकड्यांवरून कळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये रसेल क्रोमन यांचं ब्लरएक्सटर्मिनेटर आलं आणि पिक्सइनसाइट हे आकाश-छायाचित्रांचं सॉफ्टवेअर वापरणारे पुष्कळजण त्याच्याकडे वळले. ते न्यूरल नेटवर्कवर चालतं. त्यालाही अजून न ताणलेला फोटोच मानवतो, आणि नाव देताना त्याच्या कर्त्यानेही ‘शार्प’ न म्हणता ‘ब्लर’ घालवणारं असंच म्हटलं आहे.

दुसरं काम काठ ठळक करण्याचं. अनशार्प मास्क हेच करतो. नावातलं ‘अनशार्प’ शब्दशः मराठीत आणलं तर वाचकाला उलटा अर्थ कळेल, कारण पुसट असतो तो मास्क, फोटो नव्हे. डार्करूमच्या काळात, फोटो काचेवर घेतले जात तेव्हा, मूळ काचेची एक मुद्दाम पुसट केलेली प्रत काढून ती मूळ काचेला जोडत आणि त्यातून छपाई करत. ऑस्ट्रेलियात अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७०च्या दशकात ही युक्ती खगोलीय काचांवर फार नजाकतीने वापरली. संगणकावर आज तेच वजाबाकीने होतं: मूळ चित्रातून पुसट प्रत वजा करायची आणि उरलेला फरक मूळ चित्रात मिसळायचा. काठाची उजळ बाजू अधिक उजळ होते, काळी अधिक काळी. दडलेला तपशील यात परत मिळत नाही, असलेला काठ फक्त ठळक होतो. लेखात हे वाक्य जरूर घाला. नवे लोक इथेच फसतात आणि तेजस्वी ताऱ्यांभोवती काळी वर्तुळं उमटवून बसतात.

त्या वर्तुळांसाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. चंद्राला पडतं ते खळं, उजळ आणि विरळ. फिल्टरमधल्या परावर्तनाने ताऱ्याभोवती जो प्रकाशाचा वलयाकार धुरकट भाग येतो, त्याला खळं म्हणा. ठळकपणा अति झाल्याने उमटतं ते काळं कडं. इंग्रजीत बोलताना दोन्हींना सर्रास ‘हेलो’ म्हणतात. लेखात ते वेगळं केलंत तर वाचकाला दोष कुठून आला हे लगेच कळेल: खळं साहित्यातून येतं, कडं प्रोसेसिंगमधून.

तिसरं काम मला सर्वांत जवळचं, आणि एम ४२ साठी सर्वांत महत्त्वाचं: उठाव आणणं. शिल्पाला उठाव असतो, रंगाला उठाव येतो, पातळाच्या काठाला उठाव देतात. तेजोमेघात वायूच्या घड्या, धुळीचे पट्टे, पंखांसारखे पसरलेले पदर असतात. फोटोत ते असतातच, पण सपाट दिसतात. त्यांना काठ नसतो, त्यामुळे काठ ठळक करणारी पद्धत त्यांना लागू पडत नाही. इथे वेव्हलेट उपयोगी पडतं. वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्यांतून धान्य काढावं तसं ते चित्रातला तपशील आकारानुसार वेगळा करतं: एका थरात एक पिक्सेलएवढा तपशील, पुढच्यात दोन, मग चार, आठ, सोळा. पहिल्या थरात बहुतेक फोटोचा रवाळपणाच असतो (‘नॉइज’ला मी गोंगाट न म्हणता हेच म्हणतो, दिसणाऱ्या गोष्टीला ऐकू येणारं नाव कशाला?). तो थर तसाच सोडावा किंवा किंचित दाबावा. चार ते सोळा पिक्सेलचे थर हळूच वर उचलले की एम ४२ च्या मध्याजवळचा गडद धुळीचा भाग पुढे येतो आणि पंखांच्या घड्या मोकळ्या होतात. मेघाच्या मध्यावरच्या ट्रॅपेझियम या तारकासमूहाच्या चार ताऱ्यांभोवतीचा गाभा मात्र फटफटीत पांढरा झाला असेल तर कोणताही थर मदत करणार नाही. त्यासाठी काही सेकंदांची छोटी एक्स्पोजर्स वेगळी घ्यावी लागतात.

तारे वेगळे काढून (स्टारनेटसारख्या साधनाने) फक्त मेघावर उठाव आणला तर काळ्या कड्यांचा प्रश्नच येत नाही. आणि अंधुक कडांवर उठाव नकोच, तिथे फक्त रवा वर येतो. उजेडाचा मास्क, म्हणजे अंधुक भाग झाकून ठेवणारा मुखवटा, लावून काम तेजस्वी भागापुरतंच ठेवावं.

आता प्रतिशब्दांबद्दल थोडक्यात. डिकन्वोल्युशन, अनशार्प मास्क, वेव्हलेट ही साधनांची नावं आहेत. सिरिल किंवा गिम्प या सॉफ्टवेअरच्या मेनूत वाचकाला तीच शोधायची आहेत, म्हणून ती देवनागरीत तशीच ठेवा. क्रिया मात्र मराठीत लिहा. तेजोमेघ की अभ्रिका, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. एम ४२ ला तेजोमेघ शोभतो, पण त्याच्या शेजारचा अश्वमुख हा प्रकाश अडवणारा काळा मेघ आहे. त्याच्याबद्दल लिहाल तेव्हा अभ्रिका हा परिभाषेतला शब्द घ्या, ‘अभ्र’ म्हणजे ढग, त्यात उजेडाची अट नाही.

बोलताना “अरे, जास्तच शार्प झालंय” असं खुशाल म्हणा, मीही म्हणतो. लेखात ते वाक्य “फोटोचं तीक्ष्णीकरण अधिक झालं आहे” असं न लिहिता काय झालं ते लिहा: “काठ जास्त ठळक झाले, ताऱ्यांना काळी कडी आली.” आणि पद्धत निवडण्याबद्दलचा परिच्छेद असा सुरू करता येईल: “स्ट्रेच करण्याआधी डिकन्वोल्युशनने धूसरपणा काढावा, पण तारे निदान दोन-तीन पिक्सेल व्यापत असतील तरच. स्ट्रेच झाल्यावर तारे बाजूला काढून वेव्हलेटने मेघाला उठाव आणावा. अश्वमुखाच्या कडेसारखा खरा काठ असेल तिथे, आणि तिथेच, अनशार्प मास्कने तो थोडा ठळक करावा.”