प्रागमध्ये तीन रात्री: उतरल्या उतरल्या युरो बदलू नका

चेक प्रजासत्ताकाच्या राजधानीत, प्रागला, जायचा बेत आणि ठिकाणांची यादी पाठवून तुम्ही सल्ला विचारलात. त्यातलं ‘पोचलो की आधी ओल्ड टाउनमध्ये (जुन्या शहरात) तीनशे युरो बदलून घेऊ, मग निवांत’ हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. शुक्रवारी रात्री म्युनिकहून बसने प्राग, सोमवारी सकाळी परत, फिरणंही हवं आणि रात्रीची मजाही हवी. २०१८ च्या ऑक्टोबरात आमचा बेत अगदी हाच होता. तुम्ही चौघं आहात, आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मावसबहीण. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी फ्रँकफर्टला होते. रक्कमसुद्धा हीच, तीनशे युरो.

व्हिसा, विमा, गरम कपडे हे तुम्ही बघितलं असणारच, त्यात शिरत नाही.

चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये असलं तरी चलन कोरुना आहे. तेव्हा एका युरोला साडेपंचवीस कोरुनांच्या आसपास भाव चालू होता, आणि तो मला माहीत होता, याचंच जास्त वाईट वाटतं. रात्रीचे साडेदहा, पाठीवर सॅक, पोटात भूक. ओल्ड टाउनच्या चौकाजवळ एका एक्सचेंजच्या, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या, दुकानावर मोठ्या अक्षरांत ‘कमिशन ०%’ आणि खाली पंचवीसच्या पुढचा आकडा. तो आकडा ते युरो विकतात त्याचा होता. आपल्याकडून युरो घेताना देतात तो भाव शेजारी, बारीक अक्षरांत. खिडकीतल्या माणसाने कागद पुढे सरकवला, मी न वाचता सही केली, नोटा मोजल्या आणि बाहेर आले.

बहिणीने रस्त्यातच फोनवर हिशोब केला. हातात ५१०० कोरुना होते. म्हणजे सतराचा भाव. साडेसात हजारांच्या वर मिळायला हवे होते. शंभर युरो, तेव्हाचे आठेक हजार रुपये, पाच मिनिटांत गेले. आम्ही तशाच मागे फिरलो. त्याच माणसाने त्याच कागदावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही रडवेल्या झालो तरी त्याने वर पाहिलं नाही.

खरं नुकसान तर दुसऱ्या दिवशी झालं. शनिवारी सकाळी आम्ही पर्यटकांच्या मदतीसाठी असलेल्या एका कार्यालयात गेलो. पाऊण तास रांग. मग एक फॉर्म, तोही फक्त चेक भाषेत. मग ‘हे आमच्याकडे नाही, तिकडे जा’. तिकडे गेलो तर ‘सही आहे ना, मग कायदेशीर आहे’. बारा वाजले. हातात दोनच पूर्ण दिवस असताना त्यातली अर्धी सकाळ बाकड्यावर बसून गेली आणि उरलेला दिवस आम्ही एकमेकींवर चिडचिड करत काढला. शंभर युरो कधीच विसरले, ती सकाळ विसरत नाही. मदतीची पाटी लावून बसायचं आणि परक्या गावात अडकलेल्या माणसाला साधं नीट उत्तरही द्यायचं नाही, याचा मला आजही राग येतो.

आता परिस्थिती बरी आहे. १ एप्रिल २०१९ पासून तिथे नियम आहे की एक्सचेंजच्या दुकानात केलेला व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, हजार युरोंच्या किमतीपर्यंत, आणि कारण सांगावं लागत नाही. पावती मात्र जपून ठेवा. मी कायद्याची जाणकार नाही, आणि मला हा हक्क वापरायची वेळ आलेली नाही, कारण २०२३ मध्ये नवऱ्याबरोबर परत गेले तेव्हा एक्सचेंजची पायरीच चढले नाही. माझं स्पष्ट मत, तुम्हीही चढू नका.

बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून थोडे कोरुना काढा. मशीन विचारेल, रक्कम तुमच्या चलनात वळवून घेऊ का? ‘नाही’ म्हणा. हा प्रश्न मदतीसारखा वाटतो, पण हो म्हटलं की भाव मशीनवाला ठरवतो. हॉटेलात कार्ड लावतानाही रक्कम कोरुनांतच घ्यायला सांगा. मागच्या वेळी आमचं बहुतेक सगळं कार्डावर भागलं, ट्रामचं तिकीटसुद्धा ट्राममध्येच कार्ड टेकवून निघालं. रोख लागली ती काही जुन्या पबमध्ये आणि स्वच्छतागृहाच्या दाराशी. रस्त्यात कुणी ‘चांगला भाव देतो’ म्हणत आला तर थांबू नका. असे लोक दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात टेकवतात.

ट्राम-मेट्रोचं कागदी तिकीट घेतलंत तर ते पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायचा, पण एकदाच. बहात्तर तासांचा पास तुम्हाला पुरेल, तास शिक्क्यापासून मोजले जातात. तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

फिरण्याबद्दल. तुमच्या यादीत शनिवारी दुपारी चार्ल्स ब्रिज आहे. तेव्हा तिथे फक्त माणसांच्या पाठी दिसतील. १३५७ मध्ये बांधायला घेतलेला हा दगडी पूल उजाडताना बघा. ऑक्टोबरात सूर्य उशिरा उगवतो, त्यामुळे फार लवकर उठावं लागत नाही. नदीवर धुकं असतं आणि पुतळे त्यातून हळूहळू वर येतात. एवढ्या एका तासासाठी मी प्रागला तिसऱ्यांदा जाईन. तिथून तसंच चढून किल्ल्यावर जा. अंगणांत फिरायला पैसे पडत नाहीत, तिकीट आतल्या वास्तूंना लागतं. किल्ल्यातलं सेंट व्हाइटस कॅथेड्रल, म्हणजे मोठं चर्च, १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पुरं झालं, त्याला वेळ द्या. चढण नको असेल तर २२ नंबरची ट्राम.

योसेफोव, म्हणजे ज्यूंची जुनी वस्ती, तुम्ही शनिवारीच लिहिली आहे. तिथली सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी शनिवारी बंद असतात. ते रविवारी करा. ओल्ड टाउनच्या चौकातलं १४१० चं खगोलीय घड्याळ जाता-येता बघा, पण वर माना करून उभ्या असलेल्या गर्दीत खिसे सांभाळा. संध्याकाळी विशेह्राद या जुन्या गडाच्या तटावर जा, गर्दी कमी आणि नदी दोन्ही बाजूंना दिसते. देयवित्से भागात ‘ठाकुरोवा’ नावाचा रस्ता आहे, रवींद्रनाथ टागोरांच्या नावाचा. ते १९२१ आणि १९२६ मध्ये प्रागला आले होते. पर्यटकाच्या यादीत तो नसतो, पण ती पाटी वाचून मला भरून आलं होतं.

आता रात्र. पब क्रॉलचं, म्हणजे घोळक्याने एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये जात रात्रभर पिण्याच्या सहलीचं, बुकिंग करू का विचारलंय. करू नका. एक तर शहराने ऑक्टोबर २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातले आयोजित पब क्रॉल बंद करायचं ठरवलं, लोकांना झोपायला मिळत नव्हतं म्हणून. दुसरं, त्यात शहर भेटत नाही. हे माझं मत, तुमच्या मित्रांचं वेगळं असेल. त्यापेक्षा झिझकोव किंवा विनोह्रादी या भागांतल्या साध्या पबमध्ये बसा. टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यावं लागेल, बसण्याआधी विचारा. बिअर आली की वेटर हिशोबाच्या चिठ्ठीवर रेघ मारतो, ती चिठ्ठी हरवू नका, त्यावर लिहू नका. काही ठिकाणी ग्लास संपत आला की न मागता दुसरा येतो, नको असेल तर ग्लासखालचा गोल पुठ्ठा ग्लासवर ठेवायचा. टेबलावर आधीच ठेवलेला ब्रेड खाल्ला तर त्याचे पैसे लागतात. तुमच्यातल्या शाकाहारी दोघांना ‘स्माझेनी सीर’ सांगा, तळलेलं चीज. आवरणात अंडं असतं, सोबतच्या टार्टर सॉसमध्येही, ते चालणार नसेल तर आधीच विचारा.

नाचायचं असेल तर वेन्सेस्लास चौकाजवळचा लुत्सेर्ना पॅलेस. ही इमारत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या व्हात्स्लाव हावेल यांच्या आजोबांनी बांधली. आत छताला उलटा टांगलेला घोडा आणि त्याच्या पोटावर बसलेला राजा असा पुतळा आहे, तो बघाच.

शुक्रवार-शनिवारी मेट्रो साधारण एकपर्यंत असते, इतर दिवशी बाराच्या सुमारास थांबते. त्यानंतर ९१ ते ९९ नंबरच्या रात्रीच्या ट्राम, त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकत्र येतात. टॅक्सी रस्त्यात हात करून घेऊ नका, ॲपवरून बोलवा.

हॉटेल कुठल्या भागात घेतलंय ते लिहिलेलं दिसलं नाही. सांगा, म्हणजे रात्री कुठली ट्राम धरायची ते कळवते.