समुद्री चाच्यांच्या गोष्टींत स्कॉटिश माणूस हमखास का भेटतो? तेव्हा खरंच स्कॉटिश चाचे होते का?

होते की! सगळ्यात गाजलेला कॅप्टन विल्यम किड स्कॉटलंडचाच. गंमत म्हणजे तो निघाला होता चाच्यांना पकडायला, तेही सरकारी परवाना घेऊन. पण १६९८ च्या जानेवारीत मलबार किनाऱ्याजवळ त्याने बंगालहून सुरतेला निघालेलं ‘केदा मर्चंट’ हे व्यापारी जहाज लुटलं. रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल होता. मुघल दरबार खवळला, ईस्ट इंडिया कंपनीचे धाबे दणाणले. २३ मे १७०१ ला लंडनमध्ये त्याला फाशी दिली, तर पहिल्यांदा दोरच तुटला! मग पुन्हा चढवलं. नंतर त्याचं प्रेत टेम्सकाठी टांगून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांना दिसावं म्हणून.

बाकी, स्कॉटलंड तेव्हा गरीब होता. १६९८ मध्येच लीथ बंदरातून पाच जहाजांत सुमारे बाराशे माणसं पनामाच्या डॅरिएनमध्ये वसाहत करायला निघाली. ताप, उपासमार, स्पॅनिश वेढा, सगळं अंगावर आलं आणि १७०० मध्ये गाशा गुंडाळावा लागला. देशाची पुंजी बुडाली, आणि १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झालं त्यामागे हेही एक कारण. कथाकार मात्र या शोकांतिकेकडे फारसे वळत नाहीत, किल्ट घातलेला दाढीवाला खलाशी दाखवला की त्यांचं भागतं.