नोकरी सोडून मुलीला घरीच शिकवावे का?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. मुलगी तीन वर्षे आठ महिन्यांची असून नर्सरीत जाते. पहिलीत जाईपर्यंत तिला घरीच शिकवावे असे आम्हा दोघांना वाटते आणि त्यासाठी मी पुढच्या महिन्यात राजीनामा देण्याच्या विचारात आहे. माझा हातात येणारा पगार ५२ हजार रुपये (मूळ वेतन २६ हजार, सेवा चार वर्षे चार महिने) आणि पतीचा ७८ हजार आहे. गृहकर्जाचा हप्ता ३१ हजार, घरखर्च ४२ हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) २० हजार. शाळेची फी वर्षाला ८४ हजार, व्हॅन १८ हजार, पाळणाघर महिन्याला साडेसहा हजार, माझा जाण्यायेण्याचा खर्च तीन हजार. साडेतीन लाखांची मुदत ठेव मोडून कर्जात भरावी का? घरी शिकवण्यासाठी ४५ हजारांचा वार्षिक ऑनलाइन अभ्यासक्रम घ्यावा का? सासू-सासरे आमच्याबरोबर असतात. सासऱ्यांना मधुमेह आहे आणि घरातल्या सर्वांचा आरोग्य विमा माझ्या कंपनीकडून आहे.

उत्तर : आपला विचार आपल्या ऐपतीबाहेरचा नाही, मात्र पुढच्या महिन्यातला राजीनामा ऐपतीबाहेरचा आहे. माझा सल्ला असा की मुलीला घरी शिकवायला आजपासून सुरुवात करावी आणि नोकरीचा निर्णय आठ महिन्यांनी घ्यावा. हा आठ महिन्यांचा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो. कायद्याची अडचण नाही, कारण २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याआधी बालवाडीत जाणे सक्तीचे नाही.

आधी हिशेब पाहू. शाळा थांबवली तर फी, व्हॅन, पाळणाघर आणि आपला प्रवास मिळून वर्षाला २ लाख १६ हजार रुपये वाचतील. पुस्तके, रंग, माती, वाचनालयाची वर्गणी आणि सहली यांना महिन्याला दोन हजार धरले, तर निव्वळ बचत १ लाख ९२ हजारांची होते. दुसऱ्या बाजूला हातात येणारे ६ लाख २४ हजार रुपये थांबतील. त्याशिवाय आपला आणि कंपनीचा मिळून भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतनाचा जो भरणा दरमहा होतो तो थांबेल, आणि मूळ वेतनाच्या १२-१२ टक्क्यांनी ही रक्कम वर्षाला जवळपास ७५ हजार होते. आरोग्य विमा स्वतः घ्यावा लागेल. त्याचे वर्षाला ६० हजार मी हिशेबात धरले आहेत. म्हणजे वर्षाचा खरा खर्च ५ लाख ६७ हजार आणि दोन वर्षांचा सव्वाअकरा लाखांच्या पुढे जातो. फी वाचते म्हणून घरचे शिक्षण स्वस्त पडते, ही समजूत ज्या घरात दोघे कमावतात तिथे खरी ठरत नाही. हा खर्च करू नये असे मी म्हणत नाही. मुलीची ही वर्षे आपल्याला तेवढ्या मोलाची वाटत असतील तर तो जरूर करावा, पण तो किती आहे हे माहीत असताना करावा.

आता आठ महिन्यांविषयी. आपली नोकरी कायम स्वरूपाची आहे असे मी धरतो. अशा नोकरीत राजीनामा देताना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवेबद्दल कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क मिळण्यासाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते (आपली ती आठ महिन्यांनी पूर्ण होईल), आणि प्रत्येक वर्षासाठी शेवटच्या मूळ वेतनाच्या पंधरा दिवसांची रक्कम, महिना सव्वीस दिवसांचा धरून, मिळते. आपल्या बाबतीत ती वर्षाला १५ हजार, म्हणजे पाच वर्षांची ७५ हजार होते. चार वर्षे पाच महिन्यांवर नोकरी सोडली तर यातले काहीच हाती येणार नाही. निर्वाह निधीतली रक्कम मात्र नोकरी सोडल्यावरही काढू नये. तिच्यावर व्याज मिळत राहते (२०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते), शिवाय पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो.

हे आठ महिने नुसते वाट पाहण्यात घालवू नयेत. चालू वर्षाची फी भरलेली असेल तर शाळा तशीच राहू द्यावी आणि संध्याकाळचा एक ठरलेला तास व शनिवारची सकाळ मुलीबरोबर गोष्टी, गाणी, स्वयंपाकघरातली मोजामोजी आणि बागेतला फेरफटका यांत घालवावी. तिला आणि आपल्याला हे कितपत मानवते याचा अंदाज त्यातूनच येईल. पैशांच्या बाजूने त्याच काळात घर फक्त पतीच्या पगारावर चालवून पाहावे. ३१ हजारांचा हप्ता, ४२ हजारांचा घरखर्च आणि नव्या विम्यासाठी पाच हजार मिळून बरोबर ७८ हजार होतात. आपल्या पगारातून शाळा, पाळणाघर आणि प्रवासाचे सरासरी १८ हजार जातील. एसआयपी तात्पुरती पाच हजारांवर आणली, तर महिन्याला २९ हजार, म्हणजे आठ महिन्यांत २ लाख ३२ हजार बाजूला पडतील. आज दोघांच्या पगारातून सर्व खर्च आणि एसआयपी जाऊन १९ हजार उरायला हवेत. ते सणावारांत, गावी जाण्यायेण्यात आणि किरकोळ खरेदीत जात असतील, तर आधी त्यांची नोंद ठेवा, कारण पुढे हीच रक्कम आपल्याजवळ नसेल.

मुदत ठेव मोडू नका. एका पगारावर जगणाऱ्या घराकडे किमान सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे आपल्या बाबतीत (वरचे ७८ हजार आणि पुस्तके-साहित्याचे दोन हजार मिळून महिन्याला ८० हजार धरून) ४ लाख ८० हजार, लगेच हाताशी येईल असा असला पाहिजे. ठेव आणि आठ महिन्यांची बचत मिळून ५ लाख ८२ हजार होतात. ठेव कर्जात भरली तर व्याज वाचेल हे खरे, पण पतीच्या नोकरीत काही घडल्यास तेच पैसे परत मागता येणार नाहीत.

सर्वांत तातडीची गोष्ट सासऱ्यांच्या विम्याची आहे. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) ठेवू शकतात आणि तो पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजला जातो. कंपनीचे संरक्षण असतानाच सासू-सासऱ्यांची एक आणि आपल्या तिघांची एक अशा दोन पॉलिसी घेतल्या, तर हा काळ आजपासून सरू लागेल. प्रस्तावात मधुमेहाची माहिती पूर्ण द्यावी. नवी कंपनी नाकारत असेल, तर आपल्या कंपनीने काढलेल्या समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे. त्याची चौकशी राजीनाम्याच्या आधी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे.

४५ हजारांचा अभ्यासक्रम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड या गावांत परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले, आणि हे महाराष्ट्रात घडले याचा मला मनापासून अभिमान आहे. चार वर्षांच्या मुलीला बिया, खडे, पाने आणि बरोबर बसणारे मोठे माणूस पुरते.

आठ महिन्यांनंतर पूर्ण राजीनाम्याआधी एक मधला मार्ग तपासावा. एका पगारावर खर्च ८० हजारांचा आणि आवक ७८ हजारांची राहील, आणि एसआयपी पूर्ण थांबेल. अर्धवेळ काम मिळून हातात २४ हजार आले, तर आवक १ लाख २ हजार होईल आणि २० हजारांची एसआयपीही टिकेल. पत्रात नोकरी आपणच सोडणार हे गृहीत धरलेले दिसते. पतींना आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळत असेल, तर सकाळचे दोन तास ते मुलीला देऊ शकतात आणि मग आपले अर्धवेळ काम सहज शक्य होते. दोन वर्षांच्या पूर्ण खंडानंतर आजच्याच पगारावर परतावे लागले, तर वर्षाला आठ टक्के वाढ धरल्यास जो पगार ६० हजारांच्या पुढे गेला असता, त्यापेक्षा महिन्याला साडेआठ हजारांनी आपण मागे असाल. हा फरक नंतर बराच काळ सोबत राहतो.

राजीनामा द्यायचाच ठरला, तर आधी पतींच्या नावे किमान एक कोटीचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) हवा. कर्ज संयुक्त असेल तर आपली कमाई थांबल्यावरही त्याची जबाबदारी आपल्यावर राहते. आपल्या स्वतःच्या नावाची गुंतवणूकही, रक्कम कितीही लहान असो, चालू ठेवावी. पुष्कळ खासगी शाळांत जागा नर्सरीतच भरतात. त्यामुळे पहिलीसाठी कोणत्या शाळांत बाहेरून प्रवेश मिळतो, हे वर्षभर आधी विचारावे आणि प्रवेशाच्या वेळच्या फीसाठी ग्रॅच्युइटीचे ७५ हजार वेगळ्या ठेवीत राखून ठेवावेत.