लाटेकमध्ये रकान्यांची बेरीज बरोबर असूनही तक्ता समासाबाहेर का जातो?

तुम्ही लिहिलंय की लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर छपाईसाठी मांडणारी संगणक-प्रणाली) केलेल्या प्रबंधात तालुकावार ऊसक्षेत्राचा चार रकान्यांचा तक्ता आहे. प्रत्येक रकाना 'पी' प्रकारचा (ठरावीक रुंदीचा) केला, त्याला 0.25 टेक्स्टविड्थ (मजकुराच्या रुंदीचा पाव भाग) दिली, तरी शेवटचा 'शेरा' उजव्या समासाबाहेर जातो. बेरीज तर एक येते, मग बिघडतंय कुठं?

बिघडतंय ते रकान्यांमधल्या मोकळ्या जागेमुळं. लाटेक प्रत्येक रकान्याच्या दोन्ही बाजूंना 6 पॉइंट जागा सोडतं (टॅबकोलसेप) आणि ही जागा तुम्ही दिलेल्या रुंदीत धरत नाही, त्याशिवाय आणखी लावतं. चार रकाने म्हणजे आठ बाजू, 48 पॉइंट, जवळजवळ 17 मिमी. लॉग फाइल (लाटेक चालवल्यावर तयार होणारी नोंद) उघडा, 'ओव्हरफुल एचबॉक्स' (ओळ रुंदीबाहेर गेल्याची सूचना) याच्यापुढं याच्या आसपासचा आकडा दिसेल.

मी कोल्हापुरात प्रबंध सेट करून देतो, इथं शेती आणि सहकाराचे विषय असले की असा तक्ता ठरलेलाच. माझं ठाम मत आहे की रुंदी समान वाटूच नये. ए-फोर कागद 210 मिमी. बाइंडिंगसाठी डावीकडं दीड इंच, उजवीकडं एक इंच सोडला तर मजकुराला साधारण 146 मिमी उरतात. त्यातून 17 गेले, राहिले 129. अनुक्रमांकाला 10 मिमी पुरतात. तालुक्याला 28 दिले की 'हातकणंगले' आणि 'गडहिंग्लज' न तुटता बसतात. क्षेत्राला 26. उरलेले 65 सगळे शेऱ्याला, कारण खरा मजकूर तिथंच आहे.

हा हिशेब दर वेळी हातानं करायचा नसेल तर टॅब्युलरएक्स पॅकेज घ्या. एकूण रुंदी टेक्स्टविड्थ द्या, अनुक्रमांक 'सी' (मध्यभागी), तालुका 'एल' (डावीकडं), क्षेत्र 'आर' (उजवीकडं) आणि शेरा कॅपिटल 'एक्स'. पहिले तीन रकाने मजकुराला लागेल तेवढी जागा घेतात, बाजूची मोकळी जागा वजा होते आणि उरलेलं सगळं एक्सला मिळतं. फक्त शीर्षकाकडं लक्ष ठेवा. 'उसाखालील क्षेत्र (हेक्टर)' एका ओळीत लिहिलं की खाली पाच-सहा अंकच असले तरी रकाना शीर्षकाएवढा फुगतो. मेकसेल पॅकेज वापरून ते दोन ओळींत तोडा.

अरुंद रकान्यात मराठी मजकूर दोन्ही कडांना ताणला की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. शेऱ्याच्या रकान्याला रॅग्डराइट (उजवी कड मोकळी सोडणारी आज्ञा) लावा, आणि त्याच्या लगेच पुढं ॲरेबॅकस्लॅश ही आज्ञा. रॅग्डराइट ओळ तोडण्याच्या दुहेरी बॅकस्लॅशचा अर्थ बदलतं, त्यामुळं शेवटच्या रकान्यात तक्त्याची ओळच संपत नाही आणि भलतीच एरर येते. ॲरेबॅकस्लॅश मूळ अर्थ परत आणतं.

बरेच जण रिसाइझबॉक्स या आज्ञेनं अख्खा तक्ता आवळून पानात बसवतात. कृपा करून ते करू नका. एका पानावर अक्षर 11 पॉइंटचं, पुढच्या पानावर 7 चं होतं, आणि जोडाक्षरं, रफार छपाईत भरून जातात. जागा कमीच पडत असेल तर तक्ता आडव्या पानावर घ्या. अक्षर लहान करायचंच असेल तर फुटनोटसाइझपर्यंत (तळटीपेच्या अक्षराएवढं), तेही सगळ्या तक्त्यांना सारखं.

रुंदी जमली की उंचीही बघा. वेलांट्या आणि रफार वरच्या रेघेला चिकटतात, उकार खालच्या. ॲरेस्ट्रेच (तक्त्याच्या ओळींची उंची वाढवणारा आकडा) 1.3 केलं की ओळी मोकळ्या होतात.

जिल्ह्यातले बाराही तालुके आणि लांब शेरे असतील तर तक्ता पुढच्या पानावर जाईल. टॅब्युलरएक्स पानावर तुटत नाही, त्यासाठी एक्सएलटॅब्युलर पॅकेज घ्या. रकान्यांची मांडणी तीच चालते. फाइल दोन-तीनदा चालवा, पहिल्या वेळी रुंदी नीट बसलेली नसते.